इराचा विषय

नीताचं स्वतःचं शिक्षण बी.कॉम.पर्यंतच. पण परीक्षा म्हणाल तर सिंगापुरातल्या झाडून सगळ्या तिनं दिल्या होत्या. म्हणजे हॉलमध्ये पेपर लिहायला बसायची तिची मुलगी इरा, पण अभ्यास आधी आईचा व्हायचा. इथे प्राथमिकच्या गणितात एक्स धरायची सोय नाही, चौकोनी पट्ट्या आखून उत्तर काढायचं असतं. सगळा जन्म एक्स धरण्यात घालवलेली नीता ऑफिसात डबा खाता खाता पट्ट्या आखायला शिकली. शाळेत मराठी नाही म्हणून इरानं हिंदी घेतलं, तर हिंदी निबंधाची सुरुवात कशी करायची आणि शेवट कुठल्या म्हणीनं करायचा हे नीतानं घोकून घोकून पाठ केलं. मग आलं रसायनशास्त्र. त्यानं तिच्या नाकी नऊ आणले, पण तिनं त्यालाही सोडलं नाही. बिशानमधल्या त्यांच्या ब्लॉकमध्ये घरोघरी ट्यूशनचे मास्तर येत. नीताच्या घरी मास्तर घरातच राहायला होता.

"दमत नाहीस का गं?" असं कुणी विचारलं की ती म्हणायची, "दमून सांगते कुणाला?" खरं तर ती दमली होती. भयंकर दमली होती. अलेक्झांड्रा भागातल्या एका कंपनीत दिवसभर अकाउंट्सचं काम, घरी आल्यावर स्वयंपाक, आणि भांडी आवरली की इराच्या पुढच्या धड्याची तयारी. गुडघे कुरकुरत, डोळे चुरचुरत. रविवारी दुपारी जेवून जरा आडवं व्हावं म्हटलं तर मेला तो प्रश्नसंच उशाशी हजर. इराच्या ए लेव्हल्स, म्हणजे इथली बारावी, संपल्या त्या दिवशी ती जी सोफ्यावर बसली ती जेवायची वेळ झाली तरी उठली नाही. सुटले बाई एकदाची, असं तिला अगदी आतून वाटलं.

पण कसली सुटका आणि कसलं काय! थोड्याच दिवसांनी इरानं जेवताना जाहीर केलं, "मी हिस्टरी ऑफ आर्ट करणार आहे. स्कॉटलंडमध्ये. मला तिथल्याच पेंटर्सचा अभ्यास करायचाय."

तिचा बाबा, श्रीनिवास, एका बँकेत आयटी मॅनेजर. माणूस सरळ, पण चित्र म्हणजे कॅलेंडरवरचं, एवढीच त्याची झेप. हातातला घास हातात ठेवून त्यानं विचारलं, "स्कॉटलंडमध्ये पेंटर असतात?"

"असतात, बाबा. तीनशे वर्षं आहेत."

"बरं, असतील. पण ते शिकून करायचं काय? घरोघर खिळे ठोकायचे?"

वाद झाला, ताटं वाळली. शेवटी श्रीनिवासनं तोड काढली. तिथल्या विद्यापीठाची ऑनलाइन मुलाखत असते. त्यात जागा मिळाली तर इरानं खुशाल जावं. नाही मिळाली तर इथेच राहून गुपचूप अकाउंटन्सी करावी, पुन्हा विषय काढायचा नाही. इरानं "डील!" म्हणत हात पुढे केला. तिचा चेहरा असा फुलला होता की नीता बघतच राहिली. रसायनशास्त्रात पैकीच्या पैकी मिळाले तेव्हाही पोरीचा चेहरा असा झाला नव्हता.

पोरीला एखादी गोष्ट इतकी हवी आहे म्हटल्यावर ती मिळायलाच पाहिजे. आणि मिळायला पाहिजे म्हणजे आपण मुकाट्यानं उठून अभ्यासाला लागलं पाहिजे. नीताच्या डोक्यात याला दुसरा रस्ताच नव्हता.

"आई, याचा अभ्यास तू करू नकोस हं," इरा त्याच दिवशी म्हणाली होती. "यू डोंट हॅव टू."

"हो गं, हो," नीता म्हणाली आणि शनिवारी लायब्ररीतून दोन जाडजूड पुस्तकं घेऊन आली.

मग सुरू झाला स्कॉटलंडचा अभ्यास. सकाळी मेट्रोच्या सर्कल लाइनमध्ये उभ्यानं, संध्याकाळी परतताना जागा मिळाली तर बसून. सुरुवातीला तर तिनं कपाळालाच हात लावला. रॅमझी म्हणून एक, रेबर्न म्हणून एक, दोघांनीही जन्मभर मोठ्या लोकांचे चेहरे रंगवलेले. पानामागून पान तेच कोट, तीच नाकं, तेच "आम्ही कोण" असा भाव आणून बसलेले गृहस्थ. एक दुसऱ्यापासून ओळखू येईल तर शपथ! त्यातल्या त्यात रेबर्नच्या नावावरचा तो काळ्या कोटातला पाद्री तिला बरा वाटला, कारण तो बर्फावर घसरत होता आणि लक्षात राहत होता. पुढे ग्लासगोची तरुण पोरं आली. त्यांनी ते बडे लोक सोडून कोबीच्या शेतात उभी असलेली मुलगी रंगवली, हे नीताला पटलं. कोबी निदान कळतो.

त्यानंतर चार रंगवेडे. पेप्लो, कॅडेल, हंटर, फर्ग्युसन. हे चौघे काही केल्या डोक्यात राहीनात. तेव्हा शाळेत इंद्रधनुष्याचे रंग 'तानापिहिनिपाजा' म्हणून पाठ केले होते, त्याच धर्तीवर तिनं 'पेकॅहंफ' तयार केलं. गाडीच्या खांबाला धरून पेकॅहंफ, पेकॅहंफ असं ती पुटपुटत राहायची. शेजारची एक चिनी आजी हळूच दोन माणसं पलीकडे सरकली. नीताला हसूही आलं आणि स्वतःची कीवही आली. पन्नाशी उलटलेली बाई, आणि हे काय चाललंय आपलं?

आणि मग एका सकाळी पान उलटलं तर जोन अर्डली नावाची एक बाई निघाली. गेल्या शतकातली. ही ग्लासगोच्या गरीब वस्तीतली शेंबडी पोरं रंगवायची, आणि ते झालं की दूर समुद्रकाठच्या एका लहानशा गावात जाऊन राहायची. तिथलं हिवाळ्यातलं एक चित्र पानभर छापलं होतं. बर्फानं आणि चिखलानं मळलेला चढ, वर लहान लहान घरांची ओळ, आणि धुरकट आभाळात एक फिकट गोळा. सूर्य की चंद्र, धड कळेना. नीतानं तो सूर्यच धरला. हासुद्धा दमलाय, तिच्या मनात आलं. याला खरं तर उगवायचंच नव्हतं. पण उगवण्याचं काम आपलंच, दुसरं करणार कोण, म्हणून बिचारा आलाय.

तिच्या डोळ्यांना धारा लागल्या. भर गाडीत, सकाळच्या गर्दीत. कुणीतरी आपल्याला न विचारताच आपलं दुखणं ओळखावं, असं तिला झालं. उतरायचं स्टेशन निघून गेलं तरी ती त्या पानावर बोट ठेवून उभी होती. ऑफिसला उशीर झाला आणि बोलणी खावी लागली, तरी तिला त्याचं काही वाटलं नाही. दुपारी डबा उघडायच्या आधी तिनं पुन्हा ते पान काढलं. परीक्षेत येईल म्हणून नाही. नुसतं बघावंसं वाटलं म्हणून.

मुलाखत जवळ आली तशी नीतानं घरी सराव परीक्षा ठेवली. रविवारची दुपार. जेवणाच्या टेबलाच्या एका बाजूला श्रीनिवास, वर शर्ट आणि टाय, खाली बर्म्युडा. नीतानं काढून दिलेले प्रश्न तो साहेबी थाटात वाचत होता. समोर इरा. नीता बाजूला उभी, हातात उत्तरं.

इरा सांगत होती ते बरोबर होतं, पण पावसाळ्यातल्या पापडासारखं मऊ पडलेलं. नीता मधे मधे टोकत होती. "साल चुकलं." "मान वर." "फर्ग्युसन राहिला, पेकॅहंफ म्हण बघू." इरा म्हणे, "ओके, ओके," आणि खिडकीकडे बघे.

मग अर्डलीचा प्रश्न आला. इरानं सुरुवात केली, "तिचा ब्रशवर्क खूप एक्स्प्रेसिव्ह आहे, अँड द कलर पॅलेट..."

"असं नाही गं!" नीताला राहवलं नाही. तिनं उत्तरांचे कागद टेबलावर ठेवले आणि पुस्तक उघडून ते पान काढलं. "हे बघ. हा सूर्य बघ. याच्या अंगात त्राण नाही, पण आलाय. ही घरं बघ, एकमेकांना टेकून उभी आहेत, एक जरी बाजूला झालं तरी बाकीची पडतील. ही बाई कुणाला दाखवायला नाही काढत गं हे. ती म्हणते, असं आहे बाबा, रोज असंच आहे, आणि तरी मी इथेच उभी राहणार."

श्रीनिवासनं टायची गाठ सैल केली. "वा!" तो म्हणाला आणि खरोखरच पुस्तकात डोकावला. इतक्या वर्षांच्या संसारात नीताला असं काही बोलताना त्यानं ऐकलं नव्हतं. नीतालाही वाटलं, आता पोरगी खूश होणार, म्हणणार, आई हेच सांगते मी मुलाखतीत.

इराची खुर्ची करकरत मागे सरकली.

"तू हेपण घेतलंस," ती म्हणाली.

"काय घेतलं?"

"हे माझं होतं, आई! मॅथ्स तुझं, हिंदी तुझं, केमिस्ट्री तुझी. मी पेपर लिहायला बसायचे ना, तर डोक्यात तुझा आवाज ऐकू यायचा. माझा स्वतःचा आवाज कसा आहे ते मला माहीतच नाही, यू नो ऑर नॉट? मी मुद्दाम शोधलं हे. तुला येणार नाही असं काहीतरी. मला वाटलं, स्कॉटलंडची चित्रं कुठली आई शिकते लाह! आणि तू माझ्यापेक्षा छान बोलतेस त्याच्यावर!" चिडली की तिच्या तोंडात इथल्या पोरांचं 'लाह' यायचं, पण शेवटचं वाक्य बोलताना तिला रडू फुटलं.

नीताच्या पायाखालची जमीनच सरकली. पण माणूस फार दुखावला की आधी राग येतो, तसा तिला आला. "अस्सं! म्हणजे मी हाडांची काडं केली ते चुकलंच माझं. लोकांच्या आया पैसे फेकतात आणि मॉलमध्ये फिरतात, मीच मूर्ख. जा मग आपली आपण मुलाखतीला. बघू काय दिवे लावतेस ते!"

खोलीचं दार धाडकन बंद झालं. श्रीनिवास टाय काढत म्हणाला, "तुला कुणी सांगितलं होतं का इतकं शिकायला?"

"कुणी नाही," नीता म्हणाली. "कुणीच नाही सांगितलं." आणि ती ओट्याशी जाऊन उगाच गॅस पुसत राहिली.

पुढचे दिवस घरात गरजेपुरतंच बोलणं झालं. जेवायला चल, इस्त्रीचे कपडे दे, एवढंच. नीतानं पुस्तकं लायब्ररीत परत केली. गाडीत आता तिचे हात रिकामे असायचे. रिकाम्या हातांनी उभं राहिल्यावर राग फार दिवस टिकला नाही, आणि राग गेल्यावर खाली जे निघालं ते जास्त वाईट होतं. इराशी आपण शेवटचं कधी बोललो, अभ्यास सोडून, हे ती आठवायला लागली आणि तिला काही आठवेचना. पोरीला कुठली मैत्रीण जवळची आहे? रात्री ती हेडफोन लावून काय ऐकते? आईला काही पत्ता नव्हता. शिकवायला काही उरलं नाही तर या मुलीकडे जायचं कोणत्या निमित्तानं, याचीच तिला भीती वाटत होती. म्हणून तर मेली ती स्कॉटलंडची पुस्तकं आणली होती. पोरीसाठी म्हणून आणली, पण खरं म्हणजे स्वतःसाठीच.

मुलाखत संध्याकाळची होती, तिकडे तेव्हा सकाळ असते. नीता ऑफिसातून आली ती वर घरी गेलीच नाही. वर गेलो तर दाराला कान लावल्याशिवाय राहणार नाही, हे तिला पक्कं माहीत होतं. ब्लॉकखालच्या कॉफीशॉपमध्ये तिनं एक कोपी, म्हणजे इथली कॉफी, आणि काया हा नारळाचा जॅम लावलेला टोस्ट घेतला आणि पंख्याखालचं टेबल धरून बसली. पाय ठणकत होते. चपला काढून तिनं पाय गार फरशीवर टेकवले.

आता सुरू झाली असेल. आता नाव-गाव विचारून झालं असेल. आता पोरगी अडखळली असेल, आणि खिडकीकडे बघत असेल. नीतानं फोन उचलला. फोन बंद करायला इरा हमखास विसरते. 'त्या सूर्याचं सांग. दमलाय पण आलाय, हे सांग,' तिनं भरभर टाइप केलं. वाक्य चांगलं होतं. हे ऐकून समोरचे साहेब लोक नक्की माना डोलावणार होते. आणि पोरीची जागा गेली तर? आयुष्यभर अकाउंट्स, माझ्यासारखे? नीताचं बोट बटणावर गेलं.

पण या वाक्यावर जागा मिळाली तर पोरीबरोबर आपणही स्कॉटलंडला जाणार, हे तिला तिथेच लख्ख कळलं. तिथेही हिच्या डोक्यात आपलाच आवाज बोलत राहणार. नीतानं एकेक अक्षर पुसून टाकलं आणि फोन पर्समध्ये तळाशी कोंबला. आजवर कुठली परीक्षा इतकी अवघड गेली नव्हती. कोपी गार झाली.

बऱ्याच वेळानं समोर सावली पडली. वर मुलाखतीचा पांढरा शर्ट, खाली हाफ पँट आणि रबरी चपला, अशी इरा उभी होती. "बाबा म्हणाला, तू इथेच असशील."

"काही खाल्लंस का?" नीतानं विचारलं. दुसरं काही विचारायचं नाही असं तिनं ठरवलं होतं, आणि दुसरं तिच्याजवळ होतंही काय?

इरा बसली. तिनं आईचा टोस्ट ओढून घेतला आणि खायला लागली. उगाच कुणाचा जीव टांगणीला नको म्हणून सांगूनच टाकायचं तर, जागा मिळाली. पुढच्या आठवड्यात ईमेल आली आणि श्रीनिवासनं सगळ्या ऑफिसला पेढे वाटले. पण त्या संध्याकाळी हे कुणालाच माहीत नव्हतं, नीताला तर मुळीच नाही.

"त्यांनी विचारलं, कुठल्याही एका चित्रावर बोल," इरा बोटं चाटत म्हणाली. "मी अर्डलीचं समुद्राचं एक घेतलं. वादळाचं."

"बरं."

"आई, तुला ती दमलेली वाटते ना? मला नाही वाटत. ती वादळात बाहेर उभी राहून पेंट करायची, ईझल दोरीनं बांधून. दमलेलं माणूस असं करेल? शी इज हॅविंग द टाइम ऑफ हर लाइफ, आई. मागून कुणी हाक मारत नाही, जेवायला चल म्हणत नाही. एकटी, आणि मस्त मजेत. असं मी सांगितलं त्यांना."

हाक मारण्याचं ते नीताला लागलं, चांगलंच लागलं. पण बोलणं खरं होतं. त्या बाईच्या आनंदाचा विचार तिच्या मनाला शिवलाही नव्हता. आपण त्या चित्रांत आपलंच दुखणं बघत बसलो, आणि पोरीनं तिथे दुसरंच काही पाहिलं. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं.

"थांब, तुला नीट सांगते, पहिल्यापासून," इरा म्हणाली. ती खुर्ची पुढे घेऊन टेबलावर कोपरं टेकून बसली. डोळे चमकत होते, तोंडाला काया लागलेला होता. "ती ग्लासगोचीच. म्हणजे जन्म ग्लासगोचा, म्हणून तर तिला ती पोरं इतकी आपली वाटली."

ससेक्स! जन्म ससेक्सचा, इंग्लंडातला. ग्लासगोला ती पुढे मोठी झाल्यावर आली. शब्द नीताच्या जिभेवर येऊन उभे राहिले. अगं बाई, हे मुलाखतीतही बोलली की काय ही?

इरा बोलता बोलता थांबली. आईच्या तोंडाकडे बघत तिनं खांदे आक्रसून घेतले, इतकी वर्षं घ्यायची तसेच.

"हो का?" नीता म्हणाली. "मला नव्हतं माहीत. मग पुढे?"